रोज सकाळी भूकंपाची यादी बघणारं अजून कोणी आहे का इथे?

हार्बरलाईन | शनिवार, रात्री ११:१८

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर ते नेहमीचं फॉरवर्ड आलं. कुठल्याशा परदेशी माणसाने म्हणे ग्रह एका रेषेत आलेले बघून सांगितलंय की पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत मोठा भूकंप, मुंबईला पण धोका, पाणी आणि बिस्किटं उशाशी ठेवा. बारा वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खरंच चटई घेऊन खाली पार्किंगमध्ये येऊन बसल्या. आमची बिल्डिंग स्टिल्टवर (तळाला भिंती नाहीत, नुसते कॉलम आणि पार्किंग), म्हणजे उद्या खरंच हललं तर जो मजला आधी खाली बसेल नेमकं त्याच्यातच काकू बसलेल्या!

म्हणून हा धागा. मला हे वेड २६ जानेवारी २००१ पासूनचं आहे. आठवीत होतो, झेंडावंदन करून आलेलो, चेंबूरला तिसऱ्या मजल्यावर पोहे खात बसलेलो आणि पंख्याचा दांडा हळूहळू झुलायला लागला, पंखा बंद असताना. आईला वाटलं मीच काहीतरी केलं. दुपारी टीव्हीवर भुज, भचाऊ दिसायला लागलं तेव्हा कळलं. ७.७ चा भूकंप, सकाळी ८:४६ चा.

आता रोज सकाळी चहाबरोबर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी बघतो आणि दोनशेपानी वहीत टिपतो. बायको तिला 'तुझी सवत' म्हणते (कोणाची सवत ते विचारलं नाही). वर्षभर बघितलं की यादीची चाल कळायला लागते. हिंदूकुश दिसलं की आधी खोलीचा रकाना बघायचा, दोनशे किमीच्या आसपास असणार, म्हणजे दिल्लीतले पंखे हलणार आणि नुकसान बेताचं. तिबेट, नेपाळ, उत्तराखंड ही हिमालयाची रांग. मग मणिपूर, म्यानमार, आणि खाली अंदमान-निकोबार. हे सगळे आपल्या प्लेटच्या, म्हणजे भारत ज्या प्रचंड खडकाच्या तुकड्यावर बसलाय त्याच्या, कडेवरचे. आपली प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तर-ईशान्येला सरकते, त्यातले दोनेक सेंटीमीटर हिमालयातच दाबले जातात आणि ते साठून साठून कधीतरी सुटतात. १९०५ ला कांगडा, १९३४ ला बिहार-नेपाळ, १९५० ला आसाम (१५ ऑगस्टलाच, ८.६), २०१५ ला नेपाळ.

अजून कोणी बघतं का असं? का मीच एकटा येडा?

तिखटजिरं | रात्री ११:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. काकू परत वर गेल्या का ते सांगा आधी.

हार्बरलाईन | रात्री ११:३३

पाऊण वाजता. डास चावले.

प्रश्नोपनिषद | रात्री ११:५२

बाळबोध प्रश्न. मुंबई तर अगदी कडेला आहे ना, पुढे समुद्रच. मग आपण प्लेटच्या कडेवर नाही का? आणि हे रोज बघून पुढचा कधी येणार ते कळतं का? कळत नसेल तर वहीचा उपयोग काय?

हार्बरलाईन | रविवार, रात्री १२:१०

किनारा म्हणजे कड नव्हे. गिरगाव चौपाटीला जमीन संपते, प्लेट संपत नाही, ती अरबी समुद्राखालून पार ओमानच्या बाजूपर्यंत जाते, तिकडे ओवेन फ्रॅक्चर झोन आणि कार्ल्सबर्ग रिज आहे. वायव्येला पाकिस्तान-अफगाणिस्तानात चमन फॉल्ट (फॉल्ट म्हणजे जमिनीतली मोठी भेग). म्हणजे कुठल्याही बाजूने मोजलं तरी कड आपल्यापासून हजारएक किमी लांब.

आणि नाही, पुढचा कधी ते कळत नाही. मला नाही कळत आणि जगात कोणालाच नाही कळत. वहीचा उपयोग एवढाच की नेहमीचं काय ते माहीत होतं. जगात वर्षाला ७ च्या वरचे साधारण पंधरा तरी भूकंप होतात, ८ च्या वरचा सरासरी एक. त्यामुळे 'या महिन्यात कुठेतरी मोठा भूकंप' असं सांगणारा बहुतेक वेळा बरोबरच ठरतो, त्यात ग्रहांचं कौतुक काय. मी पण सांगतो, पुढच्या सोमवारी सकाळी कुर्ल्याला कुठलीतरी गाडी लेट असणार.

कोयनाकाठ | सकाळी ७:०५

वाचून राहवलं नाही. मी मूळचा पाटण तालुक्यातला, आता कामोठ्यात. यादी बिदी ठीक आहे हो, आमच्याकडे मांडणीवरची भांडी हीच यादी. आधी जमिनीखालून गुरगुर येते, लांबून ट्रक यावा तशी, मग पितळी डबे एकमेकांवर वाजतात, आणि आजी झोपेतच 'तीनचा असंल' म्हणून कूस बदलते. बऱ्याचदा बरोबर निघायचं.

पण ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास आला तो तसा नव्हता. वडील तेव्हा नऊ वर्षांचे. ते सांगतात की घर हललं नाही, उचललं आणि आपटलं. कोयनानगरात घरं बसली, १८० च्या आसपास माणसं गेली, धरणाच्या भिंतीला चिरा पडल्या, मग मागून टेकू देऊन ती मजबूत केली. ६.३ चा होता. मुंबईत पण लोक घराबाहेर पळालेले.

आता हार्बरलाईन साहेब, तुमच्या कडेपासून कोयना किती लांब? प्लेटच्या मधोमध. मग?

हार्बरलाईन | सकाळी ८:४०

तेच तर! वहीतली नव्वद टक्के पानं कडेची, आणि महाराष्ट्रातली माणसं गेली ती जवळजवळ सगळी मधल्या भूकंपांत. कोयना, मग ३० सप्टेंबर १९९३ किल्लारी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे ४ च्या जरा आधी, ६.२ चा. दहा हजारांच्या जवळपास माणसं. आणि तेव्हाच्या नकाशावर लातूर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं, झोन १. नंतर २००२ मध्ये तो झोनच काढून टाकला, आता २ पासून सुरू होतं.

कडेवरचा दाब आत पण येतो, जुन्या भेगा असतात त्या हजारो वर्षांत कधीतरी सुटतात. कडेवर निदान माहीत असतं की इथे होणार.

मधलीआळी | सकाळी ९:१५

कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला हे सरळ लिहा की. घाबरता कशाला.

कोयनाकाठ | सकाळी ९:५०

मधलीआळी, घाबरत नाही, पण 'धरणामुळे झाला' आणि 'धरणाने सुटला' यात फरक आहे. शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, १९६२ पासून भरायला लागलं आणि धक्के सुरू झाले हे खरं. पाण्याचं वजन येतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी भेगांमध्ये खोल उतरतं, तिथला दाब वाढतो, अडकलेली भेग सैल होते. पण भेगेत ताण आधीच साठलेला होता, तो धरणाने नाही आणला. पिकलेलं फळ आणि धक्का. आमच्याकडे अजून पावसाळ्यात धरण भरलं की त्यानंतर आणि मग पाणी उतरताना धक्के वाढतात, ५ च्या वरचे आजवर वीसहून जास्त झालेत, आणि सगळे त्याच तीसेक किमीच्या टापूत. वारणेचं धरण भरलं तसे ते दक्षिणेला पण पसरले.

म्हणून तर जगभरचे लोक आमच्याकडे बघतात. गोठणे गावाजवळ ३ किमी खोल भोक पाडलंय, वरचा बेसाल्ट किलोमीटर-सव्वा किलोमीटरमध्ये संपतो आणि खाली ग्रॅनाईट लागतो. भूकंप जिथे होतो तिथेच खाली यंत्रं सोडायची असा बेत. कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळाच आहे त्याच्यासाठी. गावात पहिल्यांदा मशीन आली तेव्हा लोकांना वाटलं तेल लागलं.

मधलीआळी | सकाळी ९:५८

बरं बरं. फळाचं पटलं.

गणपतीपुळका | सकाळी १०:३०

छान धागा, वाचनखूण साठवली. हे 'कुठे झाला' ते दोन-चार मिनिटांत कसं कळतं पण? तिथे कोणी बसलेलं असतं का?

हार्बरलाईन | सकाळी ११:२०

कोणी नाही बसलेलं, यंत्रं बसलेली असतात, देशभरात दीडशेच्या वर स्टेशनं आहेत. असं समजा की कर्जतहून एक फास्ट आणि एक स्लो एकाच क्षणी सुटल्या. बदलापूरला दोघींमध्ये दोन मिनिटांचा फरक, ठाण्याला जास्त, दादरला अजून जास्त. मी दादरला उभा राहून नुसता फरक मोजला तरी गाड्या किती लांबून आल्या ते काढता येतं. भूकंपात पण दोन लाटा निघतात. पी लाट सेकंदाला ६ किमीच्या आसपास, एस लाट साडेतीन. दोघींमधल्या फरकाच्या सेकंदांना ८ ने गुणा, अंतर आलं. कोयनेहून मुंबई सरळ रेषेत दोनशेएक किमी, म्हणजे पंचवीस सेकंदांचा फरक. एका स्टेशनवरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही, म्हणून तीन स्टेशनांभोवती तीन वर्तुळं काढायची, छेदतील तिथे केंद्र. आता कॉम्प्युटर करतो.

आणि एक गंमत, यादीत खोली १० किमी लिहिलेली दिसली की फार विश्वास ठेवू नका, डेटा पुरेसा नसला की बरेचदा १० धरून चालतात. पहिला आकडा पण नंतर बदलतो. लोक त्यावरून 'सरकार लपवतंय' सुरू करतात, लपवत काही नाही, माणूस नंतर नीट बघतो एवढंच.

फोर्टवाला | दुपारी १२:०५

अवांतर: मुंबईत पूर्वी कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक होता, पण ट्रामच्या खडखडाटाने तो अलिबागला हलवला असं ऐकलंय.

हार्बरलाईन | दुपारी १२:४५

अर्धं बरोबर. अलिबागला गेलं ते भूकंपाचं नाही, चुंबकीय मोजमाप. ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर त्या विजेने सुया हलल्या असत्या, म्हणून १९०४ ला अलिबागची वेधशाळा सुरू केली. भूकंपमापकाला त्रास होतो तो खडखडाटाचा, गाड्या, रस्ते, समुद्राच्या लाटासुद्धा.

दांड्याची_पोर | दुपारी २:३०

मी खारदांड्याची. तुम्ही लोक किनारा म्हणजे कड नाही म्हणताय ते ठीक, पण कड समुद्रातून घरी येते ते कोणी लिहिलंच नाही.

आमची आजी सांगायची, ती लहान असताना एका सकाळी समुद्र येडा झालेला. भरतीची वेळ नाही न काय नाही, पाणी आत गेलं, होड्या चिखलात बसल्या, आणि मग एकदम आलं आणि ओटीवर वाळत घातलेले बोंबील घेऊन गेलं. तिला बोंबिलांचंच दुःख जास्त. आम्हाला वाटायचं म्हातारी रंगवून सांगते. मग कॉलेजात असताना वाचलं, २८ नोव्हेंबर १९४५, मकरानचा भूकंप आणि त्सुनामी, त्यात दांडा, जुहू, वर्सोवा, हाजीअली ही नावं लिहिलेली. मी आजीची माफी मागायला गेले तर ती म्हणते, 'आता बोंबील भरून दे'.

हार्बरलाईन | दुपारी २:५५

बाई, दंडवत. हा प्रतिसाद वर पिन करायला पाहिजे.

मकरान म्हणजे पाकिस्तान-इराणचा किनारा, तिथे अरबी प्लेट युरेशियाखाली जाते, म्हणजे आपल्या प्लेटचा वाद पण नाही, शेजाऱ्यांचं भांडण. ८.१ चा भूकंप, आपल्या घड्याळात पहाटे साडेतीनच्या जरा आधी. मुंबईत लाट आली सकाळी आठ-सव्वाआठला, दोन मीटरच्या आसपास, काही माणसं वाहून गेली. मधले जवळजवळ पावणेपाच तास! पण तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

आता हैदराबादला इन्कॉईसचं (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) त्सुनामी इशारा केंद्र आहे, २००४ च्या सुमात्रानंतर उभं केलं, २००७ पासून चालू आहे. ते फक्त भूकंपावर थांबत नाहीत, समुद्राच्या तळावर दाब मोजणारी यंत्रं आणि बंदरांवर भरती मोजणारी यंत्रं बघून खरंच पाणी उचललंय का ते ठरवतात. समुद्रातला प्रत्येक मोठा भूकंप त्सुनामी करत नाही, तळ वरखाली झाला तर करतो, नुसता आडवा घासला तर सहसा नाही. माझ्या वहीत मकरानसाठी वेगळं पान आहे. बहुतेक कोरं. कोरं पान बघून बरं वाटावं का वाईट तेच कळत नाही.

तिखटजिरं | दुपारी ३:१०

बोंबील परत मिळाले का आजीला?

दांड्याची_पोर | दुपारी ३:१२

भरून दिले. दोन किलो.

स्लॅबबीम | संध्याकाळी ६:२०

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, चोवीस वर्षं मुंबईतच. सगळं वाचलं. कुठून येणार याच्यावर तुम्ही रात्र घालवली, कशावर येणार ते पण बघा जरा.

२००२ च्या नकाशात मुंबई झोन ३, कोयना ४, भुज ५. झोन ३ म्हणजे काही होणार नाही असं नव्हे. २००१ ला अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून सव्वादोनशे-अडीचशे किमी लांब, झोन ३ मध्येच, आणि तिथे उंच बिल्डिंगी बसल्या, बऱ्याचशा खाली मोकळं पार्किंग असलेल्या. वर भिंती असल्यामुळे मजले ताठ, खाली नुसते कॉलम, मग सगळी वाकवणी त्या एका मजल्यातच होते. म्हणजे काकूंची चटई.

लांबचा भूकंप आणि उंच बिल्डिंग हे वेगळंच प्रकरण. विसर्जनाला लालबागहून मिरवणूक निघते तेव्हा जवळ उभे राहिलात तर ताशा कान फाडतो. तीच मिरवणूक लांब गेली की ताशा ऐकू येत नाही, ढोलाचा धप्पधप्प मात्र येतो. जमिनीत पण बारीक थरथर लवकर विरते, संथ हेलकावा लांबपर्यंत जातो, आणि संथ हेलकाव्यावर उंच बिल्डिंगच डोलते. खाली मऊ माती असेल तर अजून. २८ मार्च २०२५ ला म्यानमारला सगाईंग फॉल्टवर ७.७ चा झाला, हजारएक किमीवर बँकॉकला बांधकाम चालू असलेला टॉवर कोसळला. आता मुंबईत भराव टाकून केलेली जमीन किती आणि त्यावर टॉवर किती ते तुम्हीच मोजा.

आणि रिंगा. कॉलमच्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात त्यांचं टोक १३५ अंशांत आत वळवायचं असतं, काँक्रीटच्या पोटात. साईटवर फिटर ९० ला वळवून सोडतो कारण हात लवकर चालतो. नेहमीच्या दिवसात काही फरक पडत नाही. हललं की कव्हर (सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट) उडतं, रिंग उघडते आणि सळ्या फुगून बाहेर येतात. मी एका साईटवर (नाव नको) चाळीस कॉलमच्या रिंगा परत करायला लावल्या, तिथून पुढचं काम मला मिळालं नाही.

प्रश्नोपनिषद | संध्याकाळी ६:४१

मोबाईलवर अलर्ट येतो ना पण आता?

स्लॅबबीम | संध्याकाळी ६:५५

येतो, अँड्रॉइडवर २०२३ पासून भारतात. उत्तराखंडने आयआयटी रुरकीबरोबर स्वतःचं अ‍ॅप केलंय. पण ते भाकीत नाही, भूकंप झाल्यावर पी लाट पकडून एस लाटेच्या आधी कळवणं. कोयनेत झाला तर मुंबईला पाऊणएक मिनिट मिळेल. पालघरचा असेल तर त्याच्या अर्धं, आणि पायाखाली झाला तर शून्य.

डहाणूमाई | रात्री ८:३५

पालघरचं नाव निघालं म्हणून लिहितेय, माझं माहेर धुंदलवाडीजवळ. नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झालं. तुमच्या यादीत २.८, ३.१ असे आकडे दिसतात आणि मुंबईचे लोक हसतात, की एवढ्याने काय होतं. पण हे अगदी वरवर होतात, खोली कमी, त्यामुळे हलण्याआधी मोठ्ठा आवाज, खाणीत सुरुंग लावल्यासारखा. कुडाच्या घरांना काही नाही, विटांच्या घरांना उभ्या चिरा. पहिल्या हिवाळ्यात सगळे अंगणात झोपायचे, तंबू आलेले. आई अजून रात्री दाराची कडी लावत नाही, नुसतं दार लोटते. चोरापेक्षा कडी न निघण्याची भीती जास्त.

मधलीआळी | रात्री ८:५०

हे धोक्याचं वाटतं बुवा. किल्लारीला पण आधी १९९२ मध्ये लहान धक्के येत होते ना? मग पालघरला पण...

हार्बरलाईन | रात्री ९:२०

येत होते, खरंय. पण लहान धक्क्यांच्या मालिका कितीतरी ठिकाणी होतात आणि तशाच विरतात. भातसा धरणाजवळ १९८३ ला झालेली, पुढे किल्लारीसारखं काही झालं नाही. आज होणाऱ्या मालिकेकडे बघून ही किल्लारीची का भातशाची हे आधी सांगता येत नाही, नंतर सगळ्यांना येतं. म्हणून तिथे जवळ जवळ यंत्रं लावतात, एनजीआरआयच्या (हैदराबादची भूभौतिकी संशोधन संस्था) लोकांनी पालघरला लावली, त्यामुळे निदान खोली नीट कळते आणि पावसाच्या पाण्याशी संबंध आहे का ते तपासता येतं. माई, आईला सांगा कडी न लावणं बरोबरच आहे.

स्लॅबबीम | रात्री ९:३४

हार्बरलाईन, तुमच्या पार्किंगच्या कॉलमचे फोटो टाका बघू. आणि शेवटचं ऑडिट कधी झालं? तीस वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच.

हार्बरलाईन | रात्री १०:०२

आत्ता खाली जाऊन आलो. १९८९ ची बिल्डिंग. सातपैकी दोन कॉलमचं प्लास्टर सुटलंय, एकाची सळई दिसते, हात लावला तर गंज पापुद्र्यासारखा निघाला. आणि त्याच कॉलमला टेकून काकूंची परवाची चटई अजून ठेवलेली. ऑडिटचं सेक्रेटरींना विचारलं, म्हणे फाईल शोधावी लागेल. ग्रुपवर तीन फोटो टाकलेत. आतापर्यंत एक अंगठा आला आणि एक 'गुड नाईट'चं गुलाब.

तिखटजिरं | रात्री १०:०५

आणि ग्रहांच्या फॉरवर्डवर किती अंगठे होते?

हार्बरलाईन | रात्री १०:०६

एकोणचाळीस.

प्रश्नोपनिषद | रात्री १०:४७

अहो आत्ता कोणाला हलल्यासारखं वाटलं का? कांजूरमार्ग, सहावा मजला. खिडकीची काच वाजली.

कोयनाकाठ | रात्री १०:४९

कामोठ्यात काही नाही. गुरगुर आली का आधी?

हार्बरलाईन | रात्री १०:५०

थांबा, यादी उघडतोय. दहा मिनिटं तरी लागतात.

डहाणूमाई | रात्री १०:५२

आईला फोन केला, तिकडे शांत आहे.

हार्बरलाईन | रात्री ११:०४

यादीत काही नाही. मुंबईच्या आसपास काहीच नाही, शेवटचा अंदमानचा, संध्याकाळचा.

प्रश्नोपनिषद | रात्री ११:०९

खाली वॉचमनला विचारलं. मेट्रोचं पायलिंग चालू झालंय, रात्रीचं करतात. सॉरी. पण आलोच होतो खाली तर आमचे पण कॉलम बघून घेतले.

स्लॅबबीम | रात्री ११:११

फोटो?